फोटोच्या डाव्या बाजूला

काकाजी, लाखनीच्या मोरेश्वरनं तुमचं अभिनंदन केलं आहे.

मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात. दहाच्या सुमारास प्रकाशचा फोन आला. रडू आवरत तो म्हणाला, "ज्योतीताई, बाबाचा शोकसंदेश तुमीच बनवा. दुसऱ्या कोणाच्या हातचा नोको." मी मोहाडीच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात एकटीच होते. त्यानं पाठवलेला तुमचा फोटो उघडला, रडले, आणि रडता रडता अर्ध्या तासात काम उरकलं. झेंडूची चौकट, खाली समई, मधोमध तुम्ही, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', अंत्ययात्रेची वेळ. सगळं एका चित्रात बसवलं. इतकी वर्षं हेच करत आले, हात आपोआप चालतात.

प्रकाशनं ते चित्र तुमच्याच फोनवरून सगळ्यांना पाठवलं, कारण सगळे नंबर त्याच फोनमध्ये. ते तुमच्या 'कान उघडे' या ग्रुपवरही गेलं. जिल्हाभरातली तुमची ती मंडळी, जिच्यात एकालाही दिसत नाही. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचणाऱ्या, त्यांच्या फोनमधल्या बाईनं त्यांना काय वाचून दाखवलं असेल? "वामन काकाजी. फोटो." एवढंच. चित्रातली अक्षरं तिच्यासाठी अक्षरं नसतात, हे मला तुम्हीच शिकवलं होतं, आणि तुमच्याच मरणाच्या बातमीला मी ते विसरले.

मोरेश्वरला वाटलं, तुमच्या तान्ह्या नातीच्या बारशाची पत्रिका आली. त्याचा आवाजी निरोप तुमच्या फोनवर आला. "अभिनंदन काकाजी! नाव काय ठेवलं मंग पोरीचं? मायासाठी बुंदी राखून ठेवजा!" त्याच्यामागून आणखी तिघांनी अभिनंदन केलं. करडीच्या शेवंताबाईंनी मात्र अभिनंदन केलं नाही. तुम्ही कोणालातरी विचारून प्रत्येक फोटोखाली त्यात काय आहे ते लिहायचात, हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी विचारलं, "काकाजी, फोटोत काय आहे ते लिवलं नाही तुमी आज. तब्येत बरी आहे ना?"

हे सगळं प्रकाशनं मला संध्याकाळी दाखवलं, तुम्हाला पोचवून आल्यावर. तोवर अंत्ययात्रा होऊन गेली होती. विणकर आले, सोसायटीचे लोक आले, मला न ओळखणारे तुमचे सोयरे आले. तुमच्या ग्रुपमधलं एकही माणूस आलं नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

आज नववा दिवस आहे. तुम्ही असता तर रागावण्याआधी एक प्रश्न विचारला असता. तुमचा राग नेहमी प्रश्नातूनच यायचा. "काहून झालं असं?" म्हणून हे लिहायला बसले आहे, तुम्हाला सांगायला आणि थोडं स्वतःलाही.

तुमची माझी ओळखच मुळी एका भांडणातून झाली. विणकर सोसायटीची पत्रं, अर्ज, सभेच्या सूचना मी टाइप करायचे. मोहाडीत माझ्यासारखं टायपिंग कोणाचं नाही, अशी माझी ख्याती होती, आणि मला ती ठाऊकही होती. एक दिवस प्रकाशच्या मोटरसायकलवरून तुम्ही उतरलात, काठीनं माझ्या दुकानाची पायरी शोधलीत आणि दारातूनच म्हणालात, "टायपिंगवाली कोण आहे? बाई, तुया मराठीत मराठीच नाही."

मी अशी चिडले! वयाचा मान राखून म्हटलं, "काकाजी, एक वेलांटी चुकली असन तर दाखवा." तुम्ही खिशातून फोन काढलात, मी पाठवलेली सभेची सूचना उघडलीत आणि तो टेबलावर ठेवलात. फोनमधली बाई वाचायला लागली. "एल. के. एच. कंस सुरू. जे. पाच. एम. उद्गारचिन्ह." कितीतरी वेळ ती तसंच काहीतरी बरळत होती. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसायला लागली. तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलंत, "या सभेले म्या कोणत्या गावी यायचं आहे?"

माझा जुना फॉन्ट होता तो. दिसायला सुबक मराठी, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं भरलेली. 'स' दिसायला हवा म्हणून मी इंग्रजी बटण दाबायचे आणि पडद्यावर 'स' उमटायचा. डोळ्याला काही कळत नाही, कानाला सगळं कळतं. मी समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही खदखदून हसलात. "म्हणजे वरून मराठी लुगडं अन् आत मेमसाब!" मग हसू थांबवून लगेच पुढचा प्रश्न, "मंग तू आजवर जे टाइप केलं, ते सगळंच असं आहे का?"

तेच खरं होतं. सगळं तसंच होतं. त्या दिवशी दुकान बंद करायच्या आधी मी पहिल्यांदा फोनमध्ये ती वाचणारी बाई सुरू केली, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि स्वतःचीच एक जाहिरात ऐकली. कान लाल झाले. पुढचे कितीतरी दिवस सोसायटीचा एकेक कागद नव्या अक्षरात पुन्हा टाइप करत होते. कोणी सांगितलं नव्हतं, पण राहवत नव्हतं.

तुमची नजर कशी गेली हे तुम्ही एकदाच सांगितलंत, आणि तेही हसवून. काचबिंदू झाला, उशिरा कळला. "आपल्या जिल्ह्याची वाटणी झाली ना, तवाच. गोंदिया वेगळा निघाला, मायी नजर त्याच्या वाट्याले गेली. म्या राहिलो इकडे." कोणी नवा माणूस भेटला की ओळख ठरलेली, "म्या आंधळगावचा आंधळा. गावानं नाव आधीच ठेवून दिलं होतं, लागू उशिरा झालं." समोरचा कानकोंडा व्हायचा आणि तुम्ही त्याचा अवघडलेपणा कान देऊन ऐकायचात. मला वाटतं, त्यात तुम्हाला थोडी गंमतही वाटायची.

मग सोसायटीनं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं संकेतस्थळ करायचं ठरवलं. काम माझ्याकडे आलं आणि तपासणीला तुम्ही बसलात, कोणी नेमलं नसताना. दर गुरुवारी दुपारी तुमची स्वारी हजर. मी काहीतरी नवीन करून दाखवायचे आणि तुम्ही दोन बोटांनी पडदा चाचपत ते मोडीत काढायचात. मी ठळक अक्षरात मोठा मथळा टाकला, तर तुमच्या फोनला तो मथळा वाटेना. "तुले मोठा दिसला असन. मले तो बाकीच्यायसारखाच. त्याले सांग ना की तू मथळा आहे म्हणून!" एका पानावर मी पाच ठिकाणी 'येथे क्लिक करा' लिहिलं. तुम्ही पाचही ऐकलेत आणि म्हणालात, "पाच दारं आहेत, पाचीवर 'इथून या' लिवलं आहे. स्वयंपाकघर कोणतं अन् मोरी कोणती?" अर्जात मी लिहिलं होतं, लाल चौकटी भरणं आवश्यक. त्यावर तुम्ही नुसते माझ्या दिशेनं तोंड करून बसून राहिलात, माझं मला कळेपर्यंत.

फोनमधल्या त्या बाईवर तुमचा विशेष जीव. "पुण्याकडची दिसते," म्हणायचात. "आपली झाडीबोली वाचाले देली की अडखळते." तिला तुम्ही इतक्या वेगानं बोलायला लावायचात की मला एक शब्द कळायचा नाही. मी तक्रार केली की म्हणायचात, "तू डोळ्यानं वाचतं तेव्हा कोणी तुले म्हणते का, हळू वाच म्हणून?"

पण आपलं खरं भांडण झालं साड्यांच्या वर्णनावरून. प्रत्येक फोटोमागे दोन ओळी लिहायच्या, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला फोनमधली बाई त्या वाचून दाखवील. मी पहिल्या साडीला लिहिलं, 'कोशाची सुंदर करवतकाठी साडी.' तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "सुंदर काढ."

"काहून? सुंदरच आहे ते."

"ते तुयं झालं. तू पायली, तुले सुंदर वाटली. मायं मले ठरवू दे ना! तू फक्त तिथं काय आहे ते सांग."

त्यावरून आपण तास-दीड तास भांडलो असू. शेवटी मी 'सुंदर' काढलं आणि साडीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग लिहिलं, 'अंगाचा रंग कोशाचा, न रंगवलेला. काठ गडद लाल. काठाचे दात आत वळलेले, करवतीसारखे, प्रत्येक दात करंगळीच्या नखाएवढा.' तुम्ही बोटाच्या पेरानं तुमच्या सदऱ्याच्या टोकावर ते दात मोजल्यासारखं केलंत. कधीकाळी तीन धोटे फेकून तुम्हीच ते विणले होते. "आता आली," म्हणालात. दुसरं काही नाही. पण त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर खूश होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

रंगाचं भांडण तर आपण मिटवलंच नाही. मी म्हणायचे, नुसतं निळा, हिरवा लिहू. तुम्ही म्हणायचात, निळा म्हणजे कोणता, कशासारखा ते लिही. आणि जन्मापासून ज्यांना दिसत नाही त्यांना रंग सांगून करायचं काय, हा माझा प्रश्न. तुम्ही तिथल्या तिथे शेवंताबाईंना फोन लावलात. धानाची शेती करणाऱ्या घरातली बाई, जन्मतः आंधळी. मी वाचून दाखवलं, 'मोरपंखी रंगाची साडी.' पलीकडून आवाज आला, "मोर म्या पायला नाही वं, ऐकला आहे. तसा ओरडणारा रंग असन तर मले नोको!" आपण दोघं हसून हसून बेजार. मग त्या म्हणाल्या, "पण रंग लिवत जा बाई. मले दिसत नाही, पण हळदीले काय नेसतात अन् मयतीले काय नेसत नाहीत ते मले माहीत आहे. रंग नाही सांगितला तर म्या चारचौघीत चुकीन."

तुम्ही फोन ठेवलात. मग म्हणालात, "पाय, आपण दोघंही चुकलो. रंग डोळ्यासाठीच असते असं आपल्याले वाटून राहिलं होतं." तुम्ही चूक कबूल करायचात तेव्हा तुमचा चेहरा नवीन खेळणं मिळाल्यासारखा व्हायचा. तुमच्यासारखं चुकायला मला अजून जमत नाही.

एक गोष्ट मात्र मी टाळली. सोसायटीच्या दुकानात प्रकाशनं आपला फोटो काढला त्या गुरुवारची. मी तुम्हाला नवीन पान वाचून दाखवत होते, तुम्ही ऐकत होतात, त्यानं समोरून टिपला. तुम्ही विचारलंत, "कसा आला?" मी म्हटलं, "मस्त." मग अगदी हळू आवाजात म्हणालात, "ज्योती, म्या माया चेहरा अखेरचा पायला तवा मिशी काळी होती. आता दिसतो कसा, लिवून देशीन?"

मी म्हटलं, "चांगले दिसता काकाजी."

"हे 'सुंदर'चंच भावंड झालं," तुम्ही म्हणालात. "तिथं काय आहे ते सांग."

मी म्हटलं, लिहिते, सावकाश लिहिते. आणि लिहिलं नाही. साडीचे दात मोजणं सोपं होतं. तुमच्या तोंडाकडे तसं पाहायचं, सुरकुत्या, ते न पाहणारे डोळे, पडलेला दात, आणि ते सगळं तुम्हालाच वाचून दाखवायचं, हे मला झेपेना. तुम्हाला वाईट वाटेल असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं तर मलाच वाईट वाटणार होतं. तुम्ही पुन्हा दोनदा विचारलंत. दुसऱ्यांदा विचारलंत तो आपला शेवटचा गुरुवार, हे मला कुठे माहीत होतं? "घाई नाही," म्हणालात जाता जाता, आणि पायरीवर काठी टेकवत उतरलात.

तो फोटो प्रकाशनं मला मंगळवारी पाठवला. शोकसंदेशावर लावला तो तोच.

तुमच्या फोनमधली ती अभिनंदनं ऐकली आणि मी तिथेच ओसरीवर बसून राहिले. प्रकाश म्हणाला, "ताई, म्या फोन करून सांगतो सगळ्यायले." त्यानं तसे फोन केले. नंतर मोरेश्वरनं बुंदीचा निरोप पुसून टाकला. आम्ही तो आधीच ऐकला होता हे त्याला कोणी सांगितलं नाही.

पण फोन झाले म्हणून माझं काम संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि पहिल्यांदा शोकसंदेश अक्षरांत लिहिला. साध्या, वाचता येणाऱ्या अक्षरांत. कोण गेलं, कधी गेलं, तेरवी कधी आणि कुठे, घर कोणत्या गल्लीत, बस थांब्यापासून कसं यायचं. मग फोटो उघडला. तुम्ही मागितलेलं वर्णन तुम्हाला द्यायची वेळ निघून गेली होती. पण तुम्ही कसे दिसता हे त्या ग्रुपात कोणालाच माहीत नव्हतं, आणि तुम्हाला वर्षानुवर्षं ऐकणारी ती माणसं होती. मी फोटो मोठा केला. काढून टाकण्याजोगे शब्द आधी मनात येऊन गेले, प्रेमळ, प्रसन्न, तेजस्वी. तुमच्या धाकानं एकेक हाकलला. मग लिहिलं.

'वामन काकाजी, आंधळगाव. सत्तरीच्या आतबाहेरचा माणूस, अंगानं सडपातळ. केस पांढरे, कपाळावरून मागे गेलेले. मिशी पांढरी, एका बाजूनं जरा जास्त कापली गेलेली. पांढरा सदरा, वरचं बटण उघडं. डोळे अर्धवट उघडे, त्यांभोवती बारीक सुरकुत्या. हसताना वरचा एक दात नाही. मांडीवर कोशाची घडी, उजव्या हाताचं बोट तिच्या काठावर. तोंड कॅमेऱ्याकडे नाही. मान डावीकडे वळलेली आहे आणि डावीकडेच पाहून हसत आहेत.'

पुन्हा वाचलं. 'पाहून' खटकलं. मग राहू दिलं. त्यावर आपलं भांडण झालं असतं, मला माहीत आहे. मला ते हवं होतं.

तुमच्या नंबरावरून पाठवायचा धीर झाला नाही. प्रकाशनं तुमच्या फोनवरून मला ग्रुपात घेतलं, मग माझ्या नंबरावरून पाठवलं, आणि खाली लिहिलं की आधीचा फोटो मी केला होता, त्यात काय आहे ते लिहायचं मी विसरले, मला माफ करा. मग एकेक आवाज यायला लागला. तुमचा दात नव्हता हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यावर दोघं बोलले. एक म्हणाला, "मंग 'स' म्हणताना शिट्टी वाजे ती याच्यानं!" मोरेश्वरनं विचारलं की मिशी कोणत्या बाजूनं जास्त कापलेली. मी सांगितलं, उजव्या. तो म्हणाला, "डाव्या हातानं कापत असन मंग." काकाजी, तुम्ही मिशी डाव्या हातानं कापायचात का? मी कधी पाहिलं नाही. प्रकाशला विचारलं, तर त्यालाही आठवेना. आता हे कोणाला विचारू?

शेवटी शेवंताबाईंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. घसा खाकरून म्हणाल्या, "बाई, चांगलं लिवलं. काकाजी समोर येऊन बसल्यासारखे झाले. पण एक सांग. डावीकडे पाहून हसून राहिले म्हणतं, तर डावीकडे कोण होतं?"

चौकटीत तुम्ही मधोमध यावेत म्हणून मी फोटोची डावी बाजू कापून टाकली होती. शोकसंदेशात तसंच करतात. गेलेल्या माणसाच्या शेजारी दुसरं कोणी ठेवत नाहीत. इतक्या वर्षांत मी कितीजणांच्या शेजारून नवरे, बायका, नातवंडं कापली असतील. मंगळवारी हातानं तेच केलं.

"मी होती, शेवंताबाई," मी म्हटलं. "वाचून दाखवत होती."

"मंग तू काहून नाही त्यात?"

"कापलं म्या."

"कायले?" आणि मग, अगदी तुमच्यासारखं, "तिथं जे होतं ते सांगायचं ना बाई."

तेव्हा मी रडले, काकाजी. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी रडले. आपलं काही नातं नव्हतं. मी टायपिंगवाली, तुम्ही सोसायटीचे काकाजी. तुमच्या फोटोत मी असावं असा माझा हक्क नाही असंच मला वाटत होतं. आणि तुम्ही तर त्या फोटोत कॅमेरा सोडून माझ्या आवाजाकडे तोंड करून बसला होतात. एवढं माझ्याकडे आजवर डोळे असलेल्या कोणी पाहिलेलं नाही.

तेरवीच्या फलकासाठी प्रकाशला फोटो हवाच होता. मी मूळ फोटो पुन्हा उघडला आणि या वेळी काही कापलं नाही. प्रकाशनं पाहिला, मान हलवली, नको म्हणाला नाही. ग्रुपवर पाठवला तेव्हा वर्णन तेच ठेवलं, फक्त शेवटी एक ओळ जोडली.

'डावीकडे टायपिंगवाली ज्योती बसली आहे. ती वाचते आहे, आणि काकाजी ऐकत आहेत.'